चोवीस लिटर

जळगावला दुकानात शिरले तेव्हा दीड वाजला होता,
डांबर चपला धरून ठेवत होतं.
फेगड्यांचा पोरगा माझ्या मागे बघत राहिला,
सोबत कुणी येतंय का.
कुणी येणार नव्हतं.
म्हटलं, छोटा कॉम्प्रेसर दाखव, घरातला,
एकटीला जिना चढवता येईल असा.

आधी लाल काढला, आठ लिटरचा. टायरला बेस्ट, ताई.
मग पन्नासचा निळा, चाकांवरून करकरत.
एकदाच घ्या, मोठा घ्या, पस्तावा नको.
मोठा घ्या, हे मी फ्रिजपासून ऐकतेय,
फ्रिज अजून अर्धा रिकामाच.

पर्समधून वहीचं पान काढलं:
दोन लोखंडी खाटा, रंगवायच्या.
शिवणयंत्राच्या पोटातली पंधरा वर्षांची लव.
सायकल.
एक पाळणा, अजून फळ्यांतच, त्याला खिळे.
म्हटलं, खाटेवर गन धरली की
तुझा लाल चार पट्ट्यांत दमणार,
तो भरेपर्यंत मी हात धरून उभी,
आणि आपल्याकडच्या उन्हात रंगाची कड
हो म्हणेस्तोवर वाळते.
पोराने मोबाईल खिशात ठेवला.

ऑइल-फ्री?
आहे, पण आवाज जास्त.
चालू कर.
डब्यांतले नट-बोल्ट एकमेकांशी बोलायला लागले.
मी डोळे मिटून ऐकलं.

आवाजाचं मला कळतं.
गेल्या थंडीत आबांच्या उशाशी
एक पांढरं खोकं गुरगुरायचं, दिवसातून चारदा.
नेब्युलायझर. तोही कॉम्प्रेसरच की,
टाकी नसलेला.
पहाटे तीनला थांबला की
मी आधी छातीकडे बघायची, मग बटणाकडे.

सावद्याला आबांचं सायकलचं दुकान, चाळीस वर्षं.
पंपाची मूठ घासून घासून गुळगुळीत.
शाळेच्या पोरांना हवा फुकट.
"हवेचे पैशे घेतले तं उद्या उन्हाचे बी घ्या लागतीन."
लोकांना हवा देता देता छाती रिकामी झाली
असं माझी आत्या सांगते सगळ्यांना.
डॉक्टर म्हणाले, बिड्या.

चोवीसचा घेतला. राखाडी.
नऊ हजार आठशेचा नऊ दोनशेला,
वर पाच मीटर पाइप.
बिल कुणाच्या नावाने, साहेबांच्या?
शैलजा वामन झांबरे, लिही. वामन माझे वडील.
कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं,
खिरोद्याची एक बाई अख्ख्या वाटेत
त्याच्यावर पाय ठेवून झोपली.

घरी लाइट आठला आली.
बटण दाबलं तशी आतल्या खोलीतून हाक,
"कोनाचं इमान उतरलं व?"
भिंत धरत आले, पायरीवर बसले.
मी सायकलच्या चाकात हवा भरली.
त्यांनी टायर दोन बोटांत दाबला, डोळे बारीक केले.
"पस्तीस."
काटा एकेचाळीसवर होता.
मी काट्याबद्दल काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी पहिली खाट झाली, मोरपिशी,
एका पायावर ओघळ आलाय, भिंतीकडे करणार.
संध्याकाळी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे
टाकीच्या पोटाखालची चावी सैल केली.
फुस्स झालं,
आणि फरशीवर चमचाभर पाणी.
पंचेचाळीस अंशांतली हवा,
जिच्यात दोरीवरची ओढणी पिळायच्या आधी वाळते,
तिच्यातलं पाणी.

आबा वाकून बघत होते.
"आमच्या पंपातून कधी थेंब नाही निघाला."
तुमचा पंप ठेवून घेत नव्हता ना, म्हटलं,
आली की देऊन टाकायचा.
ते काहीच बोलले नाहीत.
अंगठ्याने ते पाणी फरशीवर पसरवत राहिले,
वाळेपर्यंत.

उद्या दुसरी खाट.